स्वयंम आणि स्वयं: एक खोलीभाड्याचं, दुसरं क्रेडिटचं

"सर, स्वयंम भरलंय. पैसे कधी पडतील?"

नंदुरबारच्या आमच्या छोट्या कॉलेजात विद्यार्थी मदत कक्षाच्या टेबलावर हा प्रश्न दरवर्षी येतो. एकदा धडगावकडच्या एका मुलाचा मोबाइल हातात घेऊन पाहिलं, तर त्यानं एका ऑनलाइन कोर्सला नाव नोंदवलं होतं. तिघं मिळून रूम करून राहत होते, मेसचे दोन महिने थकले होते आणि तो त्या कोर्सच्या भरवशावर पैशांची वाट पाहत होता. चूक त्याची नव्हती. नोटीस बोर्डावर 'स्वयं' असा कागद लागला होता, गावाकडून आलेल्या थोरल्या भावानं 'स्वयंम भर' म्हणून सांगितलं होतं. एक खर्चाला पैसे देणारी योजना, दुसरं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल; पोरानं दोन्ही एकच समजले.

आदिवासी विकास विभागाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना ही राज्य सरकारची. अनुसूचित जमातीच्या ज्या विद्यार्थ्याला बारावीनंतर शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्याला जेवण, राहणं आणि इतर खर्चासाठी थेट बँक खात्यात रक्कम मिळते. नंदुरबारसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणासाठी वर्षाला ४३,००० रुपये धरले आहेत: भोजनाचे २५,०००, निवासाचे १२,०००, निर्वाहाचे ६,०००. रक्कम हप्त्यांनी येते, म्हणून पहिला हप्ता येईपर्यंत घरमालकाला काय सांगायचं, हे आधीच ठरवावं लागतं. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत हवं, खातं आधारशी जोडलेलं हवं आणि विद्यार्थी कॉलेज असलेल्या गावचाच रहिवासी नसावा. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला जूनच्या आधीच काढून ठेवावा. तहसीलच्या गर्दीत नेमके हे दाखलेच अडकतात.

अर्ज जातो आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाकडे, आणि इथेही घोळ होतो. नंदुरबार जिल्ह्यात अशी दोन कार्यालयं आहेत, नंदुरबार आणि तळोदा. अक्कलकुवा, धडगाव तळोद्याकडे. शहादा, नवापूर नंदुरबारकडे. जळगाव जिल्ह्याचं कार्यालय यावलला, धुळ्याचं धुळ्यातच. मुलगा धडगावचा असला तरी शिकतो नंदुरबारला, तर नंदुरबारच्याच कार्यालयात जायचं. हे न कळल्यानं तळोद्याच्या फेऱ्या मारून भाड्यात पैसे घालवलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्याचं फार वाईट वाटतं.

स्वयं पोर्टल मात्र केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचं. ९ जुलै २०१७ रोजी ते सुरू झालं. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून हे नाव बनवलं आहे. तिथं पैसे मिळत नाहीत, शिकायला मिळतं: व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःची चाचणी आणि चर्चेची जागा. नोंदणी फुकट, जातीची अट नाही, उत्पन्नाची नाही. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचं शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. राखीव गटांना शुल्कात सवलत असते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी धरले जाणारे श्रेयांक, असे घेता येतात, पण आधी कॉलेजची मान्यता घ्या, नाहीतर प्रमाणपत्र हातात आणि गुणपत्रिकेत काहीच नाही. बरेच कोर्स इंग्रजीत आहेत. पावरी किंवा भिली घरात बोलणाऱ्या पोराला ते पहिल्याच सत्रात झेपेलच असं नाही. सातपुड्यात रेंज मिळत नसेल तर स्वयंप्रभा या टीव्ही वाहिन्यांवर धडे मिळतात, तेही फुकट. हे फार कमी मुलांना कोणी सांगतं.

नावाचा गोंधळ मुलांच्या डोक्यातूनच निघतो असंही नाही. आदिवासी वसतिगृहांच्या अर्जाच्या संकेतस्थळाच्या पत्त्यातही 'स्वयम' हाच शब्द राहिला आहे आणि केंद्राच्या पोर्टलच्याही. त्यात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी अशाच मदतीची स्वाधार योजना वेगळीच; ती समाजकल्याणकडे, प्रकल्प कार्यालयाकडे नाही.

म्हणून आता कोणी 'स्वयंम' म्हणत आलं, की मी आधी एकच विचारतो: खोलीभाडं हवंय की क्रेडिट? भाडं म्हणाला तर बाकी सगळं बाजूला. कोर्स जानेवारीत सुटला तर पुढे पुन्हा मिळू शकतो. योजनेच्या अर्जाची तारीख गेली, तर पोर डिसेंबरपर्यंत टिकत नाही, मुकाट्यानं गावी निघून जातं. नोटीस बोर्डावरही मी आता नुसतं 'स्वयं' लिहू देत नाही. एका कागदावर 'प्रकल्प कार्यालय, खोली-मेस' असं ठळक असतं, दुसऱ्यावर 'ऑनलाइन कोर्स, पैसे मिळत नाहीत', आणि दोन्ही कागद बोर्डाच्या दोन टोकांना लावतो.