‘चेर्नोबिल’ : मालिका २०१९ ची, वाद १९८६ पासूनचा

मे २०१९ मध्ये एचबीओ आणि स्काय या वाहिन्यांनी ‘चेर्नोबिल’ ही पाच भागांची मालिका दाखवायला सुरुवात केली आणि महिन्याभरात तिच्यावर टोकाच्या प्रतिक्रिया उमटल्या. रशियात ‘कम्युनिस्ट्स ऑफ रशिया’ या छोट्या पक्षाने मालिकेवर बंदीची मागणी केली; त्याच देशाचे तेव्हाचे संस्कृतिमंत्री व्लादिमिर मेदिन्स्की यांनी मात्र तिची तारीफ केली. बेलारूसच्या नोबेलविजेत्या लेखिका स्वेतलाना अलेक्सीविच यांना ती पटली. सोव्हिएत काळात वाढलेल्या पत्रकार माशा गेसन यांना तपशील पटले, माणसं पटली नाहीत. यात नवल काही नाही. ही गोष्ट त्याआधीच्या तेहतीस वर्षांत अनेकदा सांगून झाली होती आणि प्रत्येक वेळी दोषी बदलला होता. मालिका या न मिटलेल्या वादात येऊन पडली.

पहिली कहाणी होती न सांगण्याची. २६ एप्रिल १९८६ च्या मध्यरात्रीनंतर, १ वाजून २३ मिनिटांनी, तेव्हा सोव्हिएत संघात असलेल्या युक्रेनमधल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्रात चौथ्या अणुभट्टीचा स्फोट झाला. तीनेक किलोमीटरवरच्या प्रिप्यातमध्ये जवळपास ४९ हजार लोक राहत होते. दुसरा दिवस उजाडला, मुलं शाळेत गेली, बाजार भरला. शहर रिकामं झालं ते २७ तारखेच्या दुपारी. २८ तारखेला स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात कर्मचाऱ्यांच्या बुटांवर किरणोत्सारी धूळ सापडली, स्वीडनने विचारणा केली, तेव्हा कुठे रात्रीच्या सोव्हिएत बातम्यांत चार-पाच वाक्यांचं निवेदन आलं. १ मे रोजी कीव्हच्या रस्त्यांवर कामगारदिनाचं संचलन नेहमीप्रमाणे झालं, त्यात मुलंही होती. सोव्हिएत संघाचे सर्वोच्च नेते गोर्बाचेव्ह दूरचित्रवाणीवर बोलले १४ मे रोजी. युक्रेन आणि बेलारूसमधले लोक मालिका पाहून आजही का पेटून उठतात, ते या अठरा दिवसांत आहे.

दुसरी कहाणी व्हिएन्नात सांगितली गेली. ऑगस्ट १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेसमोर शास्त्रज्ञ व्हालेरी लेगासोव्ह सुमारे पाच तास बोलले. सोव्हिएत माणूस इतकं मोकळं बोलतो याचंच पाश्चात्त्य तज्ज्ञांना अप्रूप वाटलं. पण त्या मोकळेपणालाही कुंपण होतं: दोष मुख्यतः रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांवर टाकला गेला. संस्थेच्या त्या वर्षीच्या अहवालाने तेच मान्य केलं. जुलै १९८७ मध्ये चेर्नोबिल गावातच खटला चालला. केंद्राचे संचालक व्हिक्तर ब्रुखानोव्ह, मुख्य अभियंता निकोलाय फोमिन आणि त्या रात्री भट्टीवर चाललेल्या चाचणीवर देखरेख करणारे उपमुख्य अभियंता अनातोली द्यात्लोव्ह यांना प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा झाली. भट्टीचा आराखडा करणारं कुणीही आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हतं.

तिसरी कहाणी सोव्हिएत संघ मोडल्यावर आली. १९९२ मध्ये त्याच आंतरराष्ट्रीय संस्थेने आपला आधीचा निष्कर्ष दुरुस्त केला आणि बोट आराखड्याकडे वळवलं. आरबीएमके प्रकारच्या या भट्टीत अभिक्रिया थोपवणाऱ्या नियंत्रक दांड्यांना खाली ग्रॅफाइटचा भाग जोडलेला होता. जवळजवळ सगळे दांडे वर ओढलेले असताना ते एकदम आत सोडले, तर भट्टीच्या तळाशी अभिक्रिया थांबण्याऐवजी काही क्षण वाढायची. म्हणजे सगळं बंद करण्यासाठी असलेलं ‘एझेड-५’ हे आणीबाणीचं बटणच त्या स्थितीत घातक होतं. हा दोष १९८३ मध्ये लिथुआनियातल्या इग्नालिना केंद्रात चाचणीच्या वेळी दिसलाही होता. चेर्नोबिलमध्ये बटण दाबणाऱ्यांना त्याची कल्पना नव्हती. पुढे युरोपीय संघात प्रवेशाची अट म्हणून इग्नालिना बंद करण्यात आलं, आणि मालिकेतल्या केंद्राच्या दृश्यांचं बरंचसं चित्रीकरण तिथेच झालं.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की मालिकेबद्दलची माझी मुख्य तक्रार स्पष्ट होईल. शेवटच्या भागात ती आराखड्यातला दोष नीट, सामान्य प्रेक्षकाला समजेल असा उलगडते, आणि हे काम सोपं नाही. पण त्याआधीचे चार भाग तिने द्यात्लोव्ह यांना उर्मट, गुरगुरणारा खलनायक करून ठेवलेलं असतं. राज्यसत्तेचं असत्य हाच विषय असलेली ही मालिका माणूस रंगवताना मात्र १९८६ च्या सरकारी कहाणीकडेच परत जाते. द्यात्लोव्ह कडक होते, त्यांच्या हातून चुका झाल्या, हे खरं. पण १९९० मध्ये आजारपणामुळे सुटल्यावर, १९९५ साली मृत्यू येईपर्यंत ते भट्टीच्या आराखड्याबद्दल जे सांगत राहिले, त्यातला मोठा भाग १९९२ च्या अहवालाने मान्य केला होता. लेगासोव्ह यांचं उलट झालं. मालिकेत ते भर न्यायालयात सत्य सांगतात. प्रत्यक्षात ते त्या खटल्याला हजरच नव्हते. एप्रिल १९८८ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं, मागे ध्वनिफिती ठेवल्या. त्यांचं खरं मोठेपण दाखवायला न्यायालयातल्या भाषणाची गरज नव्हती.

गेसन यांचा आक्षेपही याच जातीचा आहे. गोळी घालण्याच्या धमक्या, वरिष्ठांना तोंडावर सुनावणारी शास्त्रज्ञ (उलाना खोम्युक हे पात्र काल्पनिक आहे), यांतून दिसते ती सोव्हिएत व्यवस्था नव्हे. तिथे धमकीची वेळ क्वचितच यायची. माणसं आपणहून गप्प बसायची.

सामान्य माणसांची कहाणी अलेक्सीविच यांनी १९९७ च्या पुस्तकात आणली होती. किरणोत्सारी धुळीचा मोठा वाटा बेलारूसच्या वाट्याला आला होता, आणि सगळं माहीत आहे असं समजणारे तिथले लोक मालिकेनंतर या घटनेकडे नव्याने पाहू लागले, असं त्यांनी सांगितलं. किरणोत्सर्गाने आजारी पडलेले अग्निशामक वसिली इग्नातेन्को आणि त्यांच्याजवळ बसून राहिलेली त्यांची गरोदर पत्नी, हा मालिकेतला धागा त्याच पुस्तकातला. १९८६ मध्ये मॉस्कोत जाऊन या रुग्णांवर उपचार केलेले अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट गेल यांनी नेमक्या याच भागाला हरकत घेतली. रुग्णाचे कपडे काढून त्याला धुतल्यावर जवळ बसणाऱ्याला त्याच्यापासून तसा धोका राहत नाही, आणि अशाच भीतीपोटी त्या काळात अनेक स्त्रियांनी विनाकारण गर्भपात करून घेतले, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं.

मृतांच्या आकड्यावर मात्र कुठल्याच कहाणीचं एकमत नाही. सोव्हिएत सरकारी आकडा ३१. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा सहभाग असलेल्या चेर्नोबिल फोरमचा २००५ चा अंदाज, सर्वाधिक किरणोत्सर्ग झेललेल्या लोकांत अखेरीस ४,००० पर्यंत मृत्यू. ग्रीनपीसचा २००६ चा अंदाज ९३,०००. फरक पडतो तो मुख्यतः अगदी कमी मात्रेच्या किरणोत्सर्गाचा परिणाम कसा मोजायचा, यावर. हा प्रश्न तेव्हा मुंबईच्या दारातही आला होता. आयर्लंडहून आलेल्या लोण्यात चेर्नोबिलचा किरणोत्सर्ग उतरला आहे, ते लोकांना विकू नका, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली. तिथे ती फेटाळली गेल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. लोणी खाण्यास सुरक्षित असल्याचं समितीने सांगितलं आणि १९८८ मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं.