अंगठा, चेहरा आणि यंत्राचा कौल

आधारची सुरुवात खान्देशात झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळं, एक फोटो आणि बारा आकडे. पुढे रेशन, पेन्शन, बँक खातं, सिमकार्ड सगळं त्या आकड्यांना जोडलं गेलं. आज रेशन दुकानातलं मशीन तसंच दिसतं, अंगठाही तोच लावायचा. पण ओळख तपासण्याच्या कामात आता कृत्रिम बुद्धिमत्ता शिरली आहे. आणि ओळख चोरणाऱ्यांच्याही हाती तीच आली आहे.

मशीन ओळख पटवतं म्हणजे नेमकं काय करतं? बोटावरच्या रेषा कुठे संपतात, कुठे फुटून दोन होतात, अशा खुणा ते टिपतं आणि साठवलेल्या नोंदीशी ताडून गुण देतं. ‘हीच ती बाई’ असं खात्रीनं ते कधीच सांगत नाही. अमुक गुणांच्या वर गेलं तर हो, खाली राहिलं तर नाही, ही रेघ माणसांनी आखलेली असते. रेघ खाली आणली तर परका आत शिरण्याचा धोका वाढतो, वर नेली तर हक्काचा माणूस बाहेर राहतो. एकच तंत्र वापरून दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणता येत नाहीत. म्हणून ही रेघ कुठे आहे, हा प्रश्न मला तांत्रिक कमी आणि न्यायाचा जास्त वाटतो.

आता आपल्याकडचे हात बघा. नंदुरबारला वाळवणाच्या पथारींवर मिरची हाताळणाऱ्या बायका, कापसाच्या बोंडांच्या टोकांनी ओरखडलेली वेचणीवालीची बोटं, रावेर-यावलच्या केळीच्या चिकानं काळे पडलेले पंजे. अशा कामानं रेषा झिजतात, वयानं त्वचा ढिली पडते. त्यात जळगाव-भुसावळचा कोरडा उन्हाळा. ठसा टिपणाऱ्या काचेवर बोट नीट टेकायला त्वचेत थोडा ओलावा लागतो. कोरड्या बोटाच्या रेषा तुटक उमटतात आणि गुण घसरतात. बोट ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा लावलं की कधी कधी जमतं, ते यामुळेच.

या अडचणीवर उत्तर म्हणून चेहरा पुढे आला. २०२१ पासून पेन्शनरांना हयातीचा दाखला मोबाईलसमोर चेहरा धरून देता येतो. २०२५ च्या जुलैपासून अंगणवाडीतून घरी न्यायचा पोषण आहारही चेहरा पडताळून दिला जाऊ लागला. चेहऱ्याचं तंत्र बोटापेक्षा वेगळं आहे. इथे कोणत्या खुणा बघायच्या हे कुणी सांगत नाही. लाखो फोटो दाखवून यंत्राला स्वतःच शिकू दिलं जातं. ते प्रत्येक चेहऱ्याची आकड्यांची एक ओळ बनवतं. गुगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या एका गाजलेल्या पद्धतीत अशी ओळ १२८ आकड्यांची होती. एकाच माणसाचे फोटो नकाशावर शेजारच्या गावांसारखे जवळ पडावेत आणि दुसऱ्याचे लांब, एवढंच त्याला पुन्हा पुन्हा शिकवलं जातं.

मग शिकताना कोणाचे चेहरे दाखवले, याला फार महत्त्व येतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनं २०१९ मध्ये १८९ प्रणाली तपासल्या. त्यांतल्या अनेक प्रणाली आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या दोन वेगळ्या माणसांना एकच समजण्याची चूक गोऱ्यांच्या तुलनेत १० ते १०० पट जास्त करत होत्या. आशियात बनलेल्या काही प्रणालींत मात्र आशियाई चेहऱ्यांबाबत एवढी तफावत दिसली नाही. म्हणजे दोष चेहऱ्यात नव्हता, शिकवणीत होता. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा स्त्रियांचे चेहरे त्या शिकवणीत किती होते, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

दुसरी बाजू चोरांची. जमिनीच्या खरेदीखतांवर अंगठे असतात. अशा कागदांच्या प्रतींवरून सिलिकॉनचे नकली अंगठे बनवून, आधार क्रमांकाच्या जोरावर खात्यातले पैसे काढल्याचे प्रकार देशात घडले. अंगठा लावून पैसे काढताना ओटीपी लागत नव्हता, बोट पुरत होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये आधार प्राधिकरणानं यावर स्वतः घडवलेली यंत्रणा आणली: रेषांच्या खुणांबरोबर बोटाची पूर्ण प्रतिमाही तपासायची आणि ते जिवंत बोट आहे का, हे कृत्रिम बुद्धिमत्तेनं ठरवायचं. शिवाय आधारच्या ॲपमधून आपले ठसे लॉक करून ठेवता येतात, लागतील तेव्हा उघडता येतात. ही सोय घराघरात माहीत व्हायला हवी.

आवाज आणि चेहरा नकली बनवणं तर अंगठ्याहून सोपं झालं आहे. अवघ्या तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करणारी प्रणाली मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२३ मध्ये मांडली. २०२४ च्या सुरुवातीला एका बड्या कंपनीच्या हाँगकाँगमधल्या कर्मचाऱ्यानं व्हिडिओ बैठकीत वरिष्ठांना ‘पाहून’ सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले; समोरचे चेहरे बनावट होते. पुण्या-सुरतेला गेलेल्या मुलाचा घाबरलेला आवाज फोनवर आला आणि पैसे मागितले, तर फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या नंबरवर आपणहून फोन लावावा. वाटल्यास अहिराणीत बोलतं करावं. या यंत्रांना अहिराणी ऐकायला फारशी मिळालेली नाही, पण हा आडोसा फार काळ टिकेल असं मी धरून चालणार नाही.

समोरचा चेहरा जिवंत आहे का, हे ओळखण्याची एक पद्धत मला फार सुंदर वाटते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेतलं रक्त वाढतं-कमी होतं, रंग किंचित बदलतो. आपल्याला न दिसणारा तो बदल कॅमेरा टिपतो. पण २०२५ मध्ये बर्लिनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की मूळ चित्रफितीतले ठोके बनावट चेहऱ्यातही उतरतात. काही चोर तर कॅमेऱ्याला वगळून तयार चित्रफीत थेट ॲपमध्ये घुसवतात.

म्हणून सुरक्षेचा भार आता शरीरावरून दुसरीकडे सरकतो आहे. पासवर्डऐवजी वापरायच्या पासकी या पद्धतीत गुप्त किल्ली तुमच्याकडेच, बहुधा फोनमध्ये, राहते आणि समोरच्या संस्थेकडे फक्त तिची उघड जोडी असते. तिथे चोरी झाली तरी चोराच्या हाती उपयोगाचं काही लागत नाही. चोरांचा मागही आता यंत्रच काढतं: दूरसंचार विभागाची ‘अस्त्र’ ही प्रणाली एकाच चेहऱ्यावर वेगवेगळ्या नावांनी घेतलेली सिमकार्डं शोधते. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं बनवलेलं ‘म्यूलहंटर’ चोरीचे पैसे फिरवणारी भाड्याची खाती हुडकतं.

इथे मला काळजी वाटते. वर्षभर निजलेलं खातं, अचानक आलेली मोठी रक्कम आणि दोन दिवसांत सगळी वाटून मोकळी, हे भाड्याच्या खात्याचं लक्षण मानलं जातं. कापूस विकलेल्या शेतकऱ्याचं खातंही असंच दिसतं: पैसे येतात, कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचं कर्ज आणि मजुरी भागवताच संपतात. शेतीचा हंगाम यंत्राला शिकवला नसेल, तर प्रामाणिक माणसाचं खातं संशयाच्या यादीत जाऊ शकतं.

ठसा जुळला नाही म्हणून लाभ नाकारू नये, दुसऱ्या मार्गानं ओळख पटवावी आणि अपवादाची नोंद ठेवावी, असं परिपत्रक आधार प्राधिकरणानं २०१७ मध्येच काढलं आहे. त्या नोंदी तालुकावार जाहीर व्हाव्यात. धडगाव-अक्कलकुव्यात मशीननं किती बोटं, किती चेहरे नाकारले आणि त्यांतले किती खरे लाभार्थी होते, हे आकडे समोर आले तर रेघ कुठे हलवायची आणि शिकवणीत कोणाचे चेहरे वाढवायचे, हे अभियंत्यांना अंदाजानं ठरवावं लागणार नाही.