स्कोअर नाही म्हणून फायनान्स रिजेक्ट होऊन राहिलं? मग हे वाचा

नमस्कार भाऊ, ताई. नागपूरला बर्डीवरच्या आमच्या दुकानात मोबाईल, फ्रिज, वॉशिंग मशीन हप्त्यावर घ्यायला येणाऱ्यांत मिहान नाहीतर हिंगणा एमआयडीसीत नुकतीच नोकरी लागलेली पोरं-पोरी खूप असतात, आणि त्यांचा एकच प्रश्न असतो की मी आजपर्यंत कोणाचा एक रुपया बुडवला नाही, मग माझी फाईल रिजेक्ट का झाली? प्रश्न बरोबर आहे, म्हणूनच हे पत्रक काढलं.

मोहल्ल्यातला किराणावाला तुम्हाला लहानपणापासून ओळखतो, वहीत उधारी लिहून सामान देऊन टाकतो. फायनान्सवाल्याचं कॉम्प्युटर मात्र तुमच्या पॅन नंबरवर आधीच्या कर्जाची काही नोंद आहे का एवढंच पाहते. त्या नोंदीवरून तुम्ही कर्ज कसं फेडता याचे गुण लागतात, तोच स्कोअर. कधी कर्ज घेतलंच नसेल तर तिथं स्कोअरच्या जागी एनएच (म्हणजे ‘नो हिस्ट्री’) किंवा -१ येते. म्हणजे तुमचं नाव खराब नाही, फक्त नोंद कोरी आहे. ही नोंद ठेवणाऱ्या आपल्या देशात चार कंपन्या आहेत, सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि साधारण ७५० च्या वर असला की काम सोपं होते.

मग सुरुवात कुठून करायची? आम्ही हप्त्यावर माल विकतो तरी खरं सांगतो, फक्त स्कोअर बनवायचा म्हणून महागडा फोन घेऊ नका. त्यापेक्षा ज्या बँकेत पगार येते तिथं एक छोटी एफडी करा आणि तिच्यावर क्रेडिट कार्ड मागा. एफडी तारण असल्यामुळे कोऱ्या नोंदीवालेही सहसा अडत नाहीत, आणि एफडीचं व्याज चालूच राहते. समजा लिमिट २०,००० मिळाली, तर महिन्याला पाच-सहा हजारांपर्यंतच वापरा, पेट्रोल, रिचार्ज, किराणा असा जो खर्च तसाही होणारच आहे तेवढाच. दर महिन्याला लिमिट घासून काढली तर पैसे वेळेवर भरूनही स्कोअर दबू शकते. आणि बिलावर ‘मिनिमम ड्यू’ म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम लिहिलेली असते त्याच्या नादी लागू नका, तेवढंच भरलं तर बाकीच्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागू शकते, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास!

आता सगळ्यात महत्त्वाचं, हप्त्याची तारीख. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांचा स्कोअर पैसे नसल्यामुळे नाही तर तारखेमुळे बिघडलेला असते. हप्ता कटते ५ ला आणि पगार येते ७ ला, मधल्या दोन दिवसांत खात्यात पैसे नसले की हप्ता बाऊन्स, मग बँकेचा चार्ज वेगळा, फायनान्स कंपनीचा वेगळा. सही करायच्या आधीच तारीख विचारून घ्या, बदलून मिळत नसेल तर हप्त्यापुरते पैसे आदल्या पगारातूनच खात्यात राहू द्या. सकाळीच कटू शकते, त्यामुळे त्याच दिवशी दुपारी टाकू म्हणू नका, आदल्या दिवशी टाका.

आणखी एक, ‘नो कॉस्ट ईएमआय’ आणि ‘आत्ता घ्या, नंतर भरा’ हेसुद्धा कर्जच आहे बरं का, ५०० रुपये भरायचे विसरले तरी ते नोंदीत जाऊ शकते. मित्राला फोन पाहिजे म्हणून स्वतःच्या नावावर फायनान्स करून देणं तर आम्ही हात जोडून नको म्हणतो, कारण मित्रानं हप्ता चुकवला तरी नाव तुमचंच लागते, जामीन राहण्याचंही तसंच. आणि एकाच आठवड्यात चार ठिकाणी अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी तुमच्या नोंदीच्या रिपोर्टमध्ये दिसते. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिला तर मात्र स्कोअर कमी होत नाही.

रिपोर्ट फुकट मिळते, चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा, त्यांच्याच वेबसाईटवर. त्यात प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे छोटे चौकोन असतात, ‘०००’ असेल तर त्या महिन्यात काही थकलं नव्हतं, ‘०३०’ असेल तर ३० दिवस उशीर. सिबिलच्या रिपोर्टमध्ये असे ३६ महिने दिसू शकतात. संपलेलं कर्ज ‘क्लोज्ड’ दाखवते का ते पहा आणि एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचं पत्र, जपून ठेवा. वसुलीवाले कमी पैशात मिटवून देतो म्हणाले तर तिथं ‘सेटल्ड’ लागते आणि पुढचा बँकवाला ते पाहून मागे सरते, म्हणून जमत असेल तर पूर्णच भरा.

चुकीची नोंद दिसली तर त्याच वेबसाईटवर तक्रार टाका, पैसे लागत नाहीत. ३० दिवसांत निकाल लागायला पाहिजे, नाही लागला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई मिळते. ‘सिबिल वाढवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला मात्र एक पैसा देऊ नका, खरी नोंद कोणालाच पुसता येत नाही. बँकांनी किमान दर पंधरा दिवसांनी या कंपन्यांना माहिती पाठवायची असा नियम २०२५ मध्ये लागू झाला, त्यामुळे नीट भरून राहिले तर नोंद लवकर दिसू लागते, पण स्कोअर चांगला व्हायला काही महिने द्यावेच लागतात.

रिपोर्ट काढायला जमत नसेल तर दुपारी गर्दी कमी असते तेव्हा दुकानात या, पॅन कार्ड आणि बँकेत दिलेला नंबर चालू असलेला फोन सोबत आणा. आम्ही बाजूला बसून दाखवू, याचे पैसे घेत नाही, काही विकत घ्यायचीही गरज नाही. ओटीपी तुम्ही स्वतःच टाका, आम्हालाही सांगू नका.