व्हेगस उत्तेजन : अपस्मारावरील उपचार

औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात (फेफऱ्याच्या आजारात) मेंदू आणि हृदय-आतडी यांना जोडणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूला, मानेत डाव्या बाजूला, ठरावीक अंतराने सौम्य विद्युत स्पंद देऊन झटक्यांची संख्या व तीव्रता कमी करण्याची पद्धत. अपस्माराच्या सुमारे एक-तृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनी पूर्ण आटोक्यात येत नाहीत. झटके मेंदूत अनेक ठिकाणी उगम पावत असतील किंवा उगमाचा भाग काढून टाकणे धोक्याचे असेल, तेव्हा या उपचाराचा विचार होतो. कवटी उघडावी लागत नाही, हे त्याचे मोठे बलस्थान. मात्र औषधे सोबत चालूच राहतात.

कॉलरबोनखाली, त्वचेच्या आत पेसमेकरसारखे यंत्र बसवतात आणि त्याच्या तारेची वेटोळी टोके मानेत व्हेगसभोवती गुंडाळतात. उजव्या व्हेगसचे तंतू हृदयाची लय ठरवणाऱ्या गाठीकडे अधिक जातात, म्हणून डावी बाजू निवडतात. नेहमीच्या मांडणीत ३० सेकंद स्पंद आणि ५ मिनिटे विराम असे चक्र रात्रंदिवस चालते. झटक्याची चाहूल लागताच यंत्रावरून चुंबक फिरवला, तर जादा स्पंद मिळतात. हे काम सोबतच्या माणसालाही करता येते आणि समोर झटका येताना हतबल होणाऱ्या घरच्यांसाठी ही गोष्ट लहान नाही.

१८८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जेम्स कॉर्निंग यांनी मानेतील रक्तवाहिनी दाबून व्हेगसला वीज देण्याचे प्रयोग केले. मेंदूत रक्त जादा झाल्याने झटके येतात, हा त्यांचा तर्क चुकीचा होता आणि पद्धत मागे पडली. १९५२ मध्ये झँकेट्टी, वांग आणि मोरुझ्झी यांनी मांजरांच्या मेंदूत स्ट्रिक्नीन या विषाने उठवलेले विद्युत उद्रेक व्हेगस उत्तेजनाने शमतात असे दाखवले. १९८५ मध्ये जेकब झबारा यांनी कुत्र्यांमधील झटके थांबवले, तर १९८८ मध्ये अमेरिकेतील विन्स्टन-सेलम येथे पहिल्या रुग्णाच्या शरीरात यंत्र बसले.

परिणाम मोजणे मात्र अवघड होते. गोळीची नक्कल करता येते, पण घशात जाणवणाऱ्या स्पंदाची कशी करणार? यंत्र चालू आहे की बंद, हे रुग्णाला लगेच कळते. म्हणून संशोधकांनी तुलनेच्या गटालाही यंत्र बसवून अगदी कमी उत्तेजन दिले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १९६ रुग्णांच्या चाचणीत तीन महिन्यांत झटके पूर्ण उत्तेजनाच्या गटात सरासरी २८ टक्क्यांनी, तर कमी उत्तेजनाच्या गटात १५ टक्क्यांनी घटले. फरक खरा होता, पण माफक. पुढच्या पाठपुराव्यात परिणाम वाढत गेला : झटके निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटलेल्या रुग्णांचे प्रमाण एका वर्षाला सुमारे ३७ टक्के, तर दोन वर्षांनी सुमारे ४३ टक्के होते. या काळात तुलनेचा गट नव्हता आणि औषधेही बदलत होती, त्यामुळे सगळे श्रेय यंत्राला देणे योग्य नाही. झटके पूर्ण थांबणारे रुग्ण थोडेच असतात.

हृदयाकडे आणि आतड्यांकडे जाणाऱ्या मज्जातंतूचा झटक्यांशी काय संबंध? व्हेगसचे सुमारे ८० टक्के तंतू शरीराकडून मेंदूकडे संदेश नेतात. ते मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदूच्या बुंध्यात, पोहोचतात आणि तिथून संदेश लोकस सेरुलियस या केंद्राकडे जातो. हे केंद्र मेंदूला नॉरॲड्रेनलिन हे संदेशवाहक रसायन पुरवते. १९९८ च्या एका प्रयोगात उंदरांमधील हे केंद्र निकामी करताच उत्तेजनाचा झटकेरोधक परिणाम नाहीसा झाला. यंत्रणेचा सर्वांत ठोस पुरावा म्हणून आजही याच प्रयोगाकडे बोट दाखवता येते.

आवाज घोगरा होणे, खोकला आणि घशात मुंग्या येणे हे नेहमीचे त्रास आहेत. स्वरयंत्राची शाखा व्हेगसमधूनच निघत असल्याने ते बहुधा स्पंद चालू असतानाच जाणवतात.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ मध्ये १२ वर्षांवरील रुग्णांसाठी मान्यता दिली आणि २०१७ मध्ये वयाची अट ४ वर्षांवर आणली. अनेकांच्या झटक्यात हृदयाची गती अचानक वाढते. ती ओळखून आपोआप स्पंद देणारी यंत्रेही आता आहेत. शस्त्रक्रियेविना कानाच्या पाळीवरच्या खळग्यातून व्हेगसची शाखा उत्तेजित करण्याच्या पद्धतीची २०१६ मध्ये ७६ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात २५ हर्ट्झच्या (सेकंदाला २५ स्पंद) उत्तेजनाची तुलना १ हर्ट्झच्या सौम्य उत्तेजनाशी केली होती. २५ हर्ट्झच्या गटात झटके घटले, पण दोन गटांमधील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.