१००:१ प्रमाण (कोकेन शिक्षा, अमेरिका)

अमेरिकेच्या संघीय कायद्याने क्रॅक (ओढायचे खडेदार कोकेन) आणि पावडर कोकेनच्या शिक्षांत १९८६ ते २०१० दरम्यान ठेवलेला वजनाचा फरक. विक्रीसाठी ५ ग्रॅम क्रॅक बाळगल्यास किमान ५ वर्षे कैद होई. तेवढ्याच कैदेसाठी पावडर ५०० ग्रॅम लागे. किमान १० वर्षांसाठी हीच वजने ५० ग्रॅम आणि ५ किलो. दोन्हींतला अमली घटक एकच आणि क्रॅक बनते तेही पावडरपासूनच. त्यामुळे ४९९ ग्रॅम पावडर पुरवणारा किमान शिक्षेतून सुटे आणि त्याच मालातले चिमूटभर क्रॅक नाक्यावर विकणारा पोरगा अडके.

जून १९८६ मध्ये बास्केटबॉलपटू लेन बायस कोकेनमुळे दगावला. निवडणूक तोंडावर होती. ऑक्टोबरपर्यंत कायदा झालासुद्धा. १९८८ मध्ये ५ ग्रॅमहून जास्त क्रॅक नुसते जवळ बाळगण्यालाही किमान ५ वर्षे लागू झाली.

कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता. तरी १९९३ मध्ये क्रॅकसाठी संघीय शिक्षा झालेल्यांपैकी सुमारे ८८ टक्के कृष्णवर्णीय होते. सरकारी पाहणीत मात्र क्रॅक वापरणाऱ्यांत गोरे संख्येने अधिक. रस्त्यावरची विक्री पकडणे सोपे, बंद दारामागची अवघड, आणि पोलिसांचा पहारा कृष्णवर्णीय वस्त्यांवरच जास्त.

शिक्षा वजनावर ठरत असल्याने न्यायाधीशाचे हात बांधलेले. खरी सत्ता आरोप ठरवणाऱ्या सरकारी वकिलाकडे. कटाचे कलम लागले की साथीदारांचा मालही आरोपीच्या वजनात धरला जाई. इतरांची माहिती दिल्यास सूट मिळे, पण तीही सरकारी वकिलाने मागितली तरच. आणि तळच्या हमालाकडे सांगण्याजोगे असणार तरी काय? पहिल्यांदाच सापडलेल्यांसाठी किमान शिक्षेतून सुटण्याची वाट निघाली ती १९९४ मध्ये. नोव्हेंबर १९८७ पासूनच्या गुन्ह्यांना संघीय पॅरोल (मुदतीआधी सशर्त सुटका) नाही. चांगल्या वर्तनाची माफी वर्षाला जास्तीत जास्त ५४ दिवस. म्हणजे ही माफी पूर्ण मिळाली तरी १० वर्षांतली साधारण साडेआठ उरतात. (बहुतेक अमेरिकी कैदी राज्यांच्या तुरुंगांत असतात, एवढ्या एका प्रमाणाने तिथली गर्दी उलगडत नाही.)

१९९५ मध्ये शिक्षा आयोगाने (संघीय शिक्षांचे निकष आखणारी सरकारी संस्था) सुचवलेले १:१ प्रमाण अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, फेटाळले. २०१० मध्ये क्रॅकची वजने २८ आणि २८० ग्रॅम झाली, प्रमाण १८:१ वर आले आणि नुसत्या बाळगण्यावरची किमान शिक्षा रद्द झाली. आधी शिक्षा झालेल्यांना हा लाभ मागण्याची वाट डिसेंबर २०१८ च्या कायद्याने उघडली. पण २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्वांत कमी माल सापडलेल्यांना तो नाकारला: त्यांच्या कलमात किमान शिक्षाच नव्हती, म्हणून २०१० मध्ये त्यात काही बदललेही नव्हते.