तोडलेली माळ: मोहेंजोदडोच्या वाटणीचा वाद कुठून आला

कोल्हापूरच्या गुजरीत पटवेकरी साज गाठत बसलेला दिसला की मला मोहेंजोदडोची माळ आठवते. साजाची पाने 21. त्यातली 10 एका जावेला आणि 11 दुसरीला, अशी वाटणी आपल्याकडे कुणी करत नाही. साज एकीला जातो, दुसरीला पाटल्या किंवा तेवढी रक्कम. 1947 साली दोन देशांनी मात्र माळच तोडली.

फाळणीत संग्रहालयांसाठी ठरलेला नियम साधा होता: ज्या भूमीवर संग्रहालय, त्या देशाचा संग्रह. घोळ झाला तो जागेवरून हललेल्या वस्तूंचा. मोहेंजोदडो सिंधमध्ये, म्हणजे पाकिस्तानात. तिथल्या उत्खननातला मोठा ऐवज दिल्लीत. पाकिस्तान म्हणत होता, वस्तू निघाली ती जमीन आमची. भारताचे म्हणणे, ती आहे आमच्याकडे. शेवटी निम्मे-निम्मे ठरले. म्हणजे मालकी कशावरून धरायची, हा प्रश्न सुटलाच नाही. त्याच्यावर फक्त आकडा बसवला.

तो आकडा किती काटेकोर पाळला गेला ते दागिन्यांत दिसते. तांबड्या कार्नेलियनच्या लांबट मण्यांचा एक कंबरपट्टा होता. असा एक मणी आरपार विंधायला हडप्पाकालीन कारागिराचे कित्येक दिवस जात. त्या पट्ट्याचे मणी दोन वाट्यांत गेले. हिरवट जेडचे मणी आणि सोन्याच्या चकत्या असलेली माळही तशीच विभागली. तक्षशिलेचे दोन सोन्याचे हारही सुटले नाहीत. हजारो वर्षे मातीखाली टिकलेली वस्तू हिशेब जुळवण्यासाठी तोडणे, हा मला त्या सगळ्या वाटणीतला सर्वांत वाईट निर्णय वाटतो.

लाहोरच्या संग्रहालयाला तर वेगळेच माप लागले: 60 टक्के पाकिस्तानला, 40 टक्के पूर्व पंजाबला. त्या वाट्यातली गांधार शिल्पे आज चंडीगडला आहेत.

‘मूळचे कुठले’ हा शब्दही दिसतो तितका सरळ नाही. आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. घडण भूमध्य सागराकडची, माती पंचगंगेकाठची. ती व्यापाराच्या वाटेने आली, म्हणून तिच्यावरून भांडण नाही. मोहेंजोदडोच्या वस्तू व्यापाराने दिल्लीला आल्या नव्हत्या. एकाच सरकारच्या एका कोठीतून दुसऱ्या कोठीत गेल्या होत्या, आणि मध्येच सीमा आखली गेली.

पुढची भांडणे मोहेंजोदडोच्याच दोन मूर्तींभोवती फिरली. 17.5 सेंटिमीटर उंचीचा ‘पुरोहित राजा’ 1972 च्या सिमला करारानंतर पाकिस्तानला परत गेला. 10.5 सेंटिमीटरची कांस्य ‘नर्तकी’ दिल्लीतच राहिली. 2016 मध्ये ती परत आणावी म्हणून लाहोरच्या उच्च न्यायालयात अर्ज झाला, तेव्हा इकडच्या वर्तमानपत्रांतही हा विषय पुन्हा निघाला. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा हस्तांतरणाविरुद्धचा 1970 चा आंतरराष्ट्रीय करार इथे कामी येत नाही. तो मागच्या काळाला लागू नाही, आणि ही वाटणी दोन्ही सरकारांनी मिळून केलेली होती.

नर्तकी कुणाची यावर दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे आहे. माळेबाबत मात्र मला शंका नाही. मालकी आहे तशी राहू द्या, पण दोन्ही तुकडे एकदा तरी एका काचेखाली आणा, एका दोऱ्यात ओवून.