मंडळीतील सभासदांची सामायिक जबाबदारी (मुंबई)

ख्रिस्ती मंडळीचे सभासद परस्परांसाठी, उपासनेसाठी आणि मंडळीच्या मिळकतीसाठी एकत्रितपणे जी कर्तव्ये उचलतात, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. धर्मगुरू किंवा पाळक यांची कामे, संस्कारविधी आणि मिशनच्या शाळा-रुग्णालयांचा कारभार यांचा उल्लेख गरजेपुरताच येईल. मुख्यतः मुंबई व उपनगरांतील मराठी बोलणाऱ्या मंडळ्या डोळ्यांपुढे आहेत. त्यांत एका बाजूला वांद्रे, माहीम, वरळी, गोराई, मनोरी येथील ईस्ट इंडियन (या परिसरातील मूळ मराठी भाषिक ख्रिस्ती समाज) आणि कोळी कॅथलिक येतात. दुसऱ्या बाजूला गिरगाव, भायखळा, परळ भागांतील प्रोटेस्टंट मंडळ्या येतात.

शास्त्राधार म्हणून सर्वच पंथ नव्या करारातील काही ठरावीक उताऱ्यांकडे बोट दाखवतात. प्रेषितांची कृत्ये 2:42–47 मध्ये यरुशलेमेतील पहिल्या विश्वासणाऱ्यांचे सामाईक जीवन आहे, तर सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटपासाठी सात जणांची निवड आहे. 1 करिंथ 12 मध्ये एक शरीर व अनेक अवयव हे रूपक आहे. गलती 6 मध्ये एकमेकांची ओझी वाहण्याची आज्ञा आहे आणि तीनच वचनांनंतर प्रत्येकाने आपलाच भार वाहावा असेही म्हटले आहे. मुंबईतील मंडळ्यांचा व्यवहार पाहिला तर या दोन वचनांमधली ओढाताण वर्गणीच्या वहीपासून कबरीच्या खर्चापर्यंत सगळीकडे दिसते.

उगम. सभासदाची जबाबदारी ठरते कशावरून, या प्रश्नाला मुंबईत दोन वेगळी उत्तरे मिळाली. कॅथलिक पद्धतीत ती राहण्याच्या जागेवरून ठरते: पॅरिशच्या (एका चर्चला नेमून दिलेल्या परिसराच्या) हद्दीत जो राहतो तो त्या पॅरिशचा. 1534 च्या वसईच्या तहानंतर पोर्तुगीजांनी साष्टी, माहीम व वांद्रे परिसरात चर्च उभारली. वांद्र्याचे सेंट अँड्र्यूज 1575 च्या सुमाराचे, तर ‘पोर्तुगीज चर्च’ या नावानेच ओळखले जाणारे दादरचे चर्च 1596 चे मानतात. या गावांत चर्चचा कारभार आणि गावाचा कारभार बराच काळ एकमेकांत मिसळलेला होता. चर्चची शेती, माड व दागिने यांचा हिशेब ठेवणारी फाब्रिका, तसेच सणाची आणि मृतांची जबाबदारी घेणारी कॉन्फ्रारिया ही बंधुमंडळे, या दोन्ही संस्था पोर्तुगीज वळणाच्या होत्या. त्यांत बसणारी माणसे मात्र गावातलीच, बहुधा जमीनदार घरांतली असत.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत जबाबदारी येते ती दिलेल्या वचनातून आणि नोंदवहीतील नावातून. तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईत उतरले. ते काँग्रिगेशनल परंपरेतले होते. त्या परंपरेत सभासद होताना सर्वांसमोर करार स्वीकारायचा असतो, आणि नवा सभासद घेणे, जुना वगळणे, पाळक नेमणे हे मंडळीच्या सभेत मतांनी ठरते. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन 1829 मध्ये आले आणि 1831 मध्ये त्यांनी मोजक्या देशी ख्रिस्ती लोकांची मंडळी प्रेस्बिटेरियन पद्धतीवर स्थापन केली. या पद्धतीत सभेऐवजी निवडलेले वडील निर्णय घेतात. अँग्लिकन मंडळ्यांत (गिरगावचे इमॅन्युएल चर्च हे मराठी उपासनेचे जुने ठिकाण) चर्च वॉर्डनची, म्हणजे चर्चच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या सभासदाची, जागा होती. आजच्या मराठी मंडळीतील कमिटी या तिघांपैकी कोणाची वारस, हे सांगणारे अभ्यासक साधारणपणे आपापल्या मिशनच्या बाजूने झुकलेले दिसतात.

याहून वेगळे एक मत असे की पंचांनी बसून निवाडा करणे, दोषी माणसाला पंगतीतून दूर ठेवणे आणि दंड भरल्यावर परत घेणे ही गावकीची व जातपंचायतीची रीतच मंडळीत शिरली. मिशनऱ्यांनी तिला फक्त पाश्चात्त्य नाव दिले. हे मत आकर्षक असले तरी ते जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. मत्तय 18:15–17 मधील शिस्तीचा क्रम, म्हणजे आधी एकांतात बोलणे, मग एक-दोन साक्षीदार नेणे आणि शेवटी मंडळीला सांगणे, हा स्कॉटिश व अमेरिकन दोन्ही परंपरांत आधीपासूनच पाळला जात होता. शिवाय जात सोडणे हीच प्रवेशाची अट असलेल्या मंडळीने जातपंचायतीचा साचा जाणीवपूर्वक उचलला असेल, हे संभवत नाही. मात्र सवयी जाणिवेने येत नाहीत. कमिटीच्या बैठकीत वयाने मोठ्या माणसाच्या शब्दाला मिळणारे वजन, भांडणाऱ्या दोन घरांना समोरासमोर बसवून ‘आता संपवा’ म्हणण्याची पद्धत, हे सगळे घटनेच्या कलमांत शोधून सापडणार नाही.

परस्पर आधाराचे तिसरे एक कारण धर्मशास्त्राबाहेरचे आहे आणि या लेखकाच्या मते तेच निर्णायक ठरले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाप्तिस्मा घेणाऱ्याचे घर, धंदा, सोयरीक आणि अनेकदा वारसाहक्कही जात असे. 1839 मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांचा विल्सन यांच्या हस्ते बाप्तिस्मा झाला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि शहरात मोठी खळबळ उडाली. धर्मांतरामुळे वारसाहक्क जाऊ नये अशी तरतूद करणारा कायदा 1850 मध्ये झाला. पण कायद्याने हक्क वाचला तरी पंगत वाचत नव्हती. नव्या माणसाला राहायला खोली, पोटाला काम, पुढे लग्नासाठी स्थळ आणि मेल्यावर खांदा द्यायला चार माणसे कोणी पुरवायची? मंडळीनेच. मराठी प्रोटेस्टंट कुटुंबांत मंडळी ही आजही काही अंशी भावकीची जागा घेते, याचे मूळ इथे आहे.

स्वावलंबन आणि वर्गणी. सुरुवातीला पाळकाचा पगार मिशन देई. अमेरिकन मराठी मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांनी 1854–55 मध्ये पश्चिम भारताचा दौरा केला. मंडळीने आपला कारभार आपण करावा, खर्च आपण भागवावा आणि प्रसारही आपणच करावा, हे त्यांचे सूत्र. त्यानंतर देशी पाळक नेमण्याला वेग आला. खर्च भागवण्याचे सूत्र मात्र रेंगाळले, कारण मिशनच्या पगारावर जगणारे शिक्षक आणि प्रचारक हेच मंडळीचे मुख्य वर्गणीदार होते. मिशनचाच पैसा फिरून मंडळीत येई. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, हा आदर्श उपदेशात कायम राहिला. व्यवहारात ठराविक मासिक वर्गणी, रविवारचे अर्पण आणि कापणीच्या सणाची भेट हे तीन मार्ग रूढ झाले.

कापणीच्या सणाला उपासनेच्या वेळी वेदीपुढे नारळ, भोपळे, तांदळाच्या पिशव्या, केळ्यांचे घड, घरी केलेला केक आणि एखादी पाय बांधलेली कोंबडी मांडलेली असते. उपासना संपली की आवारात लिलाव पुकारला जातो. बाजारात जेमतेम किमतीचा भोपळा चढाओढीत कितीतरी पटींनी जातो, घेणारा तो तिथेच परत दान करतो आणि त्याच भोपळ्याची बोली पुन्हा सुरू होते. शहरात शेत कोणाचेच नाही, तरी सण टिकून आहे. त्याचे एक कारण ही चढाओढ असावी. कॅथलिक गावठाणांत ऑक्टोबरच्या आरंभी होणाऱ्या आगेरा या कापणीच्या सणाला नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद दिला जातो. गोराई-मनोरीकडे त्याला शेतीचा संदर्भ अगदी अलीकडेपर्यंत होता.

रविवारचे अर्पण मोजण्याचे काम एकट्याने करायचे नाही, असा बहुतेक मंडळ्यांत दंडक आहे. उपासनेनंतर वेस्ट्रीत, म्हणजे चर्चलगतच्या खोलीत, दोघे बसतात, नोटा आणि नाणी वेगळी करतात, आकडा वहीत लिहून दोघेही सह्या करतात आणि मगच रक्कम खजिनदाराच्या हाती जाते. वार्षिक सभेत सर्वांत जास्त वेळ ताळेबंदावर जातो, हे ज्याने अशी सभा पाहिली आहे त्याला वेगळे सांगायला नको.

मिळकत. सभासदांच्या सामाईक जबाबदारीचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग हाच. कॅथलिक मुंबईत तो पाद्रोआदो (पोर्तुगीज राजाचा चर्चवरील आश्रयाधिकार) आणि प्रोपागांडा (रोमचे मिशनकार्याचे खाते) यांच्या वादातून पुढे आला. 1720 मध्ये कंपनी सरकारने पोर्तुगीज पाद्रींना मुंबई बेटातून काढून रोमच्या बाजूच्या कार्मेलाइट संघाच्या पाद्रींना आणले. पुढे गोव्याच्या आर्चबिशपांचा दावा पुन्हा मान्य झाला आणि 1794 मध्ये बेटावरील चर्च दोन अधिकाऱ्यांत वाटली गेली. एकाच शहरात दोन अधिकार नांदू लागल्यावर कोणाच्या बाजूने उभे राहायचे हे रहिवाशांवर येऊन पडले. 1853 मध्ये माहीमच्या सेंट मायकेल्स चर्चमध्ये प्रोपागांडाचे बिशप हार्टमान यांना विरोधी पक्षाने सुमारे दोन आठवडे कोंडून ठेवले आणि अखेर सरकारी अंमलदारांना मध्ये पडावे लागले. चर्च आमच्या पूर्वजांनी बांधले, म्हणून त्याबद्दल बोलण्याचा हक्क आमचा, ही भावना त्या प्रसंगामागे होती. दुहेरी अधिकार 1928 च्या करारानंतरच संपला.

कॅथलिक चर्चच्या 1983 च्या धर्मविधिसंहितेत चर्चच्या गरजा भागवण्यास मदत करणे हे श्रद्धावंतांचे कर्तव्य सांगितले आहे (कलम 222). प्रत्येक पॅरिशमध्ये आर्थिक समिती असणे बंधनकारक आहे (कलम 537). पास्टोरल कौन्सिल मात्र बिशपांना योग्य वाटल्यास नेमायची असते (कलम 536) आणि तिचे मत सल्ल्यापुरतेच असते. प्रोटेस्टंट मंडळीत सभासद मत देतो. कॅथलिक पॅरिशमध्ये तो सल्ला देतो. या फरकाला उत्साही लेखनात पुष्कळदा बगल दिली जाते.

प्रोटेस्टंट मिळकती मिशनच्या न्यासांकडून देशी न्यासांकडे आल्या. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या 1924 मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात सामील झाल्या. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे हे युनायटेड चर्च, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश परंपरेतील मेथडिस्ट मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट बाहेर राहिले. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 (पूर्वीचे नाव मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम) प्रमाणे चर्चचा न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असावा लागतो. विश्वस्त बदलले की बदल अर्ज करावा लागतो, हिशेब तपासून द्यावे लागतात आणि स्थावर मिळकत विकण्यास परवानगी लागते. त्यामुळे वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाची वाट शहरातील अनेक मंडळ्यांच्या सेक्रेटरींना पाठ असते.

ऐक्यात सामील होण्याचा ठराव झाला म्हणजे मिळकतही आपोआप नव्या चर्चची झाली का, हा प्रश्न गुजरातमधील ब्रदरेन मंडळीच्या खटल्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2013 च्या निकालात न्यायालयाने म्हटले की केवळ ठरावाने न्यासाची मिळकत हस्तांतरित होत नाही; त्यासाठी संस्था नोंदणीच्या आणि विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यांतील प्रक्रिया पाळावी लागते. जुन्या मुंबई राज्याचा हा कायदा दोन्ही राज्यांत लागू असल्याने महाराष्ट्रातील मंडळ्यांनाही निकालाची दखल घ्यावी लागली. धार्मिक ऐक्य एकीकडे आणि सातबारा दुसरीकडे, ही स्थिती सामान्य सभासदाला क्वचितच समजावून सांगितली जाते. वास्तविक मतदार म्हणून त्याची सर्वांत जड जबाबदारी इथेच आहे.

आजारी, मृत आणि शेजार. घरोघरी भेटी, आजाऱ्यासाठी प्रार्थना आणि गरजूला मदत ही कामे बहुतेक ठिकाणी महिला मंडळ, तरुण संघ किंवा सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या गरिबांना मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेची शाखा करते. मेथडिस्टांत यासाठी वर्ग-सभा, म्हणजे सभासदांचे छोटे गट, होत्या. अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर यांनी 1871–72 मध्ये मुंबईत घराघरांत असे गट बांधले आणि मुंबईतील मिशनरी जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले. त्या गटांतील बहुसंख्य माणसे इंग्रजी बोलणारी होती. मुंबईच्या कॅथलिक धर्मप्रांतात 1980 च्या दशकापासून छोट्या ख्रिस्ती समुदायांची रचना रूढ झाली. काही इमारती किंवा गल्ल्या मिळून एक समुदाय होतो आणि त्याचे निमंत्रक पॅरिशला माहिती पुरवतात. गावठाणांत हे काम त्याआधी क्रुसाभोवती होत असे. 1896 च्या प्लेगच्या काळात उभारलेल्या अनेक क्रुसांपाशी वर्षातून एकदा लादीन (सामूहिक प्रार्थनामालिका) म्हटले जाते, उकडलेले चणे वाटले जातात आणि खर्च गल्लीतली घरे आळीपाळीने उचलतात.

मृत्यूच्या वेळी मंडळीची परीक्षा होते, असे जुने सभासद म्हणतात. निरोप पोचवणे, शवपेटी, गायनासाठी चार आवाज, शिवडीच्या दफनभूमीत जागा आणि नंतरच्या दिवसांत घरी जेवण, ही कामे न सांगता वाटली जातात. शिवडीची दफनभूमी 1860 च्या दशकातली आहे. जागेच्या टंचाईमुळे कबरी काही वर्षांनी उघडून अस्थी भिंतीतील कप्प्यात ठेवण्याची पद्धत शहरभर आली. कबर कायमची ठेवायची तर खर्च कुटुंबाचा की मंडळीचा, यावर प्रत्येक मंडळीचा नियम निराळा आहे.

अलीकडील बदल. गिरण्या, रेल्वे, रुग्णालये आणि शाळा यांतील नोकऱ्यांसाठी अहमदनगर, जालना भागांतून आलेली कुटुंबे एके काळी चर्चच्या चालण्याच्या अंतरावर राहत. आता त्यांची मुले डोंबिवली, विरार, पनवेलकडे गेली, पण नाव भायखळ्याच्या किंवा गिरगावच्या वहीतच राहिले. उपासनेला लोकलने येणे जमते. मंगळवारी रात्री आजाऱ्याला भेटायला येणे जमत नाही. शिफारसपत्र घेऊन जवळच्या मंडळीत नाव हलवण्याची सोय जुनीच आहे, पण आजोबांचा बाप्तिस्मा जिथे झाला तिथला मताधिकार सोडायला लोक सहसा तयार नसतात. कॅथलिकांत घर बदलले की पॅरिश बदलते, म्हणून ही अडचण कमी येते. मात्र नव्या पॅरिशमध्ये मराठी मिस्सा (मुख्य उपासनाविधी) मिळेलच असे नाही. भाड्याच्या सभागृहांत भरणाऱ्या स्वतंत्र मंडळ्यांत दशमांशावर भर असतो आणि कमिटीपेक्षा पाळकाच्या शब्दावर कारभार चालतो.